राहिलेला शब्द

४ फेब्रुवारी

वन्सं,

नमस्कार. पाकिटावर माझं अक्षर पाहून दचकला असाल. घाबरू नका. जे व्हायचं ते तीन महिन्यांपूर्वीच होऊन गेलं, त्यानंतर नवीन काही नाही.

ह्यांच्या टेबलावरचं आवरताना तुमची शेवटची यादी सापडली. दवाखान्यात जायच्या दिवशी सकाळी ह्यांनी ते पाकीट फोडलं होतं. यादीवर लाल पेन्सिल आडवी ठेवलेली, तशीच होती. मी यादी ह्यांच्या वहीत घातली, वही ब्रशांच्या पेटीत ठेवली आणि पेटीला कडी लावली. ती परत उघडायचा धीर अजून होत नाही. टर्पेंटाइनचा वास आला की मी दुसऱ्या खोलीत जाते.

एक मागते. तुम्हा भावाबहिणीचा तो अक्षरांचा खेळ माझ्याशी खेळाल का? बघून बघून मला माहीत आहे. तुम्ही तीन इंग्रजी अक्षरं घ्यायची, ती तिन्ही ज्यांच्यात येतात असे शब्द लिहून पाठवायचे, आणि तुमच्या यादीत राहिलेला शब्द ह्यांनी शोधायचा. सापडला की हे एकटेच हसायचे. कधीकधी यादी घडी घालून खिशात ठेवायचे आणि बाहेर फेरी मारून यायचे. मी विचारलं तर म्हणायचे, "आमचं दोघांचं आहे ते. तुला नाही कळायचं." आता मला कळून घ्यायचं आहे.

माझी शाळा चौथीत सुटली. इंग्रजी मी ह्यांच्या पाट्यांवरून शिकले. हे दुकानांच्या पाट्या रंगवायचे, मी ब्रश धुवायची. बेकरी आणि बँक एकाच अक्षराने सुरू होतात हे ज्या दिवशी कळलं त्या दिवसापासून वाचायचं वेड लागलं. वाचनालयातली डिक्शनरी दोनदा वाचून झाली. गोष्ट काही सापडली नाही, पण सोबत झाली.

इंग्रजी अक्षरं मला वीतभर उंचीची काढता येतात, पेनने बारीक जमत नाहीत. तेव्हा शब्द मराठी अक्षरांतच लिहू या.

तुमची वहिनी


१५ फेब्रुवारी

वहिनी,

अगं, रडवलंस मला. दादा गेल्यापासून दर पंधरवड्याला पोस्टमन दारावरून पुढे जायचा आणि मी उगाच त्याचा राग करायची. खेळू या की! न खेळायला काय झालं? मी मराठी अक्षरांत लिहीन, तू वीतभर उंचीची नको काढूस म्हणजे झालं. पाकीट फाटेल.

तू फोनचं काही म्हणाली नाहीस ते बरं केलंस. सगळे मागे लागतात, एवढ्या टेलिफोन एक्सचेंजमधल्या बाई, आणि घरात फोन नाही! एकतीस वर्षं कानाला यंत्र लावून परक्यांची बोलणी जोडून दिली. आता घरात ते नको. आमचं एक्सचेंज आता ओळखूसुद्धा येणार नाही. तिथे म्हाताऱ्यांना ठेवायचं केंद्र काढलंय. आम्ही ज्या हॉलमध्ये ओळीने बसायचो तिथे ओळीने खाटा. खिडक्यांना जाळ्या मात्र आमच्याच वेळच्या. परवा बाहेरून बघून आले. म्हटलं, माझी जागा राखून ठेवली असेल तर काढून टाका, मला घाई नाही.

बातमी म्हणजे, आमच्या काकांचा नातू राहायला येतोय. त्याला इथल्या ऑफिसात नोकरी लागली आणि माझी मागची खोली रिकामीच आहे. काका तुला आठवत असतील. आईवडील गेल्यावर आम्हाला वाढवलं त्यांनी, पण घरातली सुईसुद्धा त्यांना विचारून हलायची. पोरगा बोलायला गोड आहे. नाक काकांचं आहे, बाकी बघू.

आता अक्षरं. सी, ओ, ई.

वन्स (तुझ्या तोंडचं वन्सं नव्हे!), व्हॉइस, ओशन, पोलीस, कॉफी, कॉर्नर, वेलकम, इन्कम, बिकम.

राहिलेला शोध. नियम दादाने सांगितलेच असतील, मी काय नव्याने सांगू.

तुझी नणंद


२७ फेब्रुवारी

वन्सं,

सापडला! दोन दिवस लागले. बटाटे चिरता चिरता एकदम दिसला. वेलकम लिहिलंत, इन्कम लिहिलंत, बिकम लिहिलंत, आणि तिघांच्याही पोटातला "कम" तेवढा विसरलात! मी एकटीच मोठ्याने हसले. शेजारीण डोकावून गेली, तिला वाटलं माझं काही बिनसलं.

खूप दिवसांनी हसले, वन्सं. पुढची अक्षरं लवकर पाठवा. आणि जरा कठीण द्या, असे हातातले शब्द सोडू नका.

तुमची वहिनी


११ मार्च

वहिनी,

सापडला ना? मग कधी?

काकांचा नातू येऊन पंधरा दिवस झाले. फार व्यवस्थित आहे. आल्या आल्या माझ्या औषधांच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या, किल्ल्या एका जुडग्यात ओवल्या आणि जुडगा आपल्या खिशात ठेवला. मी हरवीन म्हणून. जिना उतरू देत नाही, घसरेन म्हणून. पत्रंही तोच पेटीत टाकतो. टाकण्याआधी वाचतो. मी म्हटलं, "काय रे, परीक्षेचे पेपर तपासतोस का?" तर म्हणाला, "आत्या, तुझ्या हातून काही चुकीचं जाऊ नये एवढंच." घराण्याची रीतच आहे ती. काकाही आमची पत्रं वाचूनच देत.

एल, ओ, के.

क्लॉक, ब्लॉक, फ्लॉक, क्लोक, लुक, फोक.

तुझी नणंद

(काकू, मी तुमचा पुतण्या. आत्या मजेत आहे. काळजी नसावी.)


२४ मार्च

वन्सं,

"मग कधी" म्हणजे काय ते कळलं नाही. तिकडे यायचं म्हणत असाल तर माझ्या गुडघ्यांना विचारा. जिना चढायचा तर मधे दोनदा बसावं लागतं.

या वेळी तर पत्र हातात असतानाच सापडला. "लॉक"! क्लॉक, ब्लॉक, फ्लॉक अशी सगळी भावंडं ओळीने बसवलीत आणि कुलूप घरीच राहिलं. वन्सं, खरं सांगू का, तुमच्या भावाला असले सोपे शब्द देत नसाल तुम्ही. माझी शाळा चौथीतली म्हणून देता का? मला कमी लेखू नका हं.

घरात तरुण माणूस आलं ते बरंच झालं. पत्र वाचतो ते खटकलं खरं, पण काळजीने करत असेल. एकटीने राहण्यापेक्षा हे कितीतरी बरं, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? संध्याकाळी मी दोन कप चहा ठेवते अजून. एक ओतून देते.

तुमची वहिनी


९ एप्रिल

वहिनी,

पत्र मिळालं. मी बरी आहे. दार उन्हासाठी उघडं ठेवायची सवय होती, ती आता मोडली.

दादाला राहिलेला शब्द लगेच सापडायचा. पण सापडला तरी तो कधी पत्रात लिहून दाखवत नसे. नुसतं लिहायचा, "यादी पाहिली." तूही तसंच करत जा. तेवढ्यानेच मला कळेल.

पी, एच, ई.

होप, हीप, शीप, शेप, चीप, एलिफंट, फोन.

हे पत्र तुला मिळायला किती दिवस लागतात ते कळव.

तुझी नणंद


२० एप्रिल

वन्सं,

पत्र नऊ दिवसांनी मिळालं. पूर्वी चारात यायचं.

तुम्ही म्हणता लिहू नको, पण न लिहून कसं चालेल? मला काळजी वाटायला लागली आहे. "हेल्प" राहिला, वन्सं! पहिलीतलं पोर सांगेल. एलिफंट आठवतो आणि हेल्प आठवत नाही? आधी कम, मग लॉक, आता हेल्प. रोजच्या तोंडातले शब्द तुमच्याकडून सुटताहेत. अक्षरही बदललंय. पेन इतकं दाबलंय की कागद मागून उठलाय.

ह्यांचंही असंच सुरू झालं होतं. आधी ब्रश कुठे ठेवला ते आठवेना, मग गल्लीतून घरी यायची वाट. मी वेळेवर ओळखलं नाही, ते मनाला लागून राहिलं आहे. तुमच्या बाबतीत तसं होऊ देणार नाही. पुतण्याला सांगा, चांगल्या डॉक्टरांना दाखवायला. माझी काही हेल्प लागली तर कळवा, मी आहेच.

तुमची वहिनी


२ मे

ती. काकूंना नमस्कार.

आत्याच्या वतीने मीच लिहितो आहे. तुमचं मागचं पत्र वाचलं आणि मोठा आधार वाटला, कारण जे मी रोज बघतो ते तुम्ही तिकडे बसून ओळखलंत. आत्या गॅस चालू ठेवते. दार उघडून जिन्यात जाऊन बसते आणि वरच्या-खालच्या लोकांना काहीबाही सांगते. म्हणून मी बाहेरून कुलूप लावून ऑफिसला जातो. तिच्याच भल्यासाठी. तिला ते पटत नाही.

इथे एक चांगलं केंद्र आहे. तिथल्या डॉक्टरांचं म्हणणं असं की विसरभोळेपणा वाढतोय असं जवळच्या नात्यातल्या कुणी लिहून द्यावं. मी बोलून चालून चुलत, त्यातून तिच्या घरात राहतो, उगाच लोक नावं ठेवतील. तुमच्याइतकं जवळचं तिला कुणी नाही. तुम्ही पत्रात लिहिलंत तेच चार ओळींत लिहा. कोणते शब्द सुटले, कधी सुटले. घराची कागदपत्रं वगैरे मग माझ्याकडे राहतील, तिला त्रास नको.

आपला,
पुतण्या


१० मे

चि. पुतण्यास आशीर्वाद.

मी आयुष्यात एक ओळ खोटी लिहिलेली नाही. हे पाट्यांवर "अस्सल" आणि "शुद्ध" रंगवायचे तेव्हासुद्धा मी म्हणायची, आधी दुकानात जाऊन चाखून तरी या. म्हणून जे मी स्वतः पाहिलं तेवढंच लिहिते. ते डॉक्टरसाहेबांना दाखव.

"माझी नणंद मला फेब्रुवारीपासून पत्रं लिहिते. ती हुशार बाई आहे, एक्सचेंजमध्ये शेकडो नंबर तिला तोंडपाठ असत. पण तीन महिन्यांत तिच्याकडून अगदी सोपे, रोजचे शब्द सुटू लागले आहेत. प्रत्येक यादीत एक. अवघड शब्द आठवतात, सोपे आठवत नाहीत. अक्षर बिघडलं आहे. हे मी शुद्धीत आणि कुणाच्या दबावाशिवाय लिहून देत आहे."

तिला सांभाळ, बाबा. तिच्या केसांना हळू हाताने तेल लावत जा, तिला डोकं दुखायचा त्रास आहे. आणि तिला माझ्याशी खेळू दे.

तुझी काकू


२३ मे

वहिनी,

तुझं पत्र डॉक्टरांना दाखवलं. त्याआधी ते मला वाचून दाखवलं. दोनदा. फार उपयोग झाला म्हणे.

डब्ल्यू, एच, वाय.

हायवे, हॉलिवूड, एनीव्हेअर, व्हिस्की.

तुझी नणंद


८ जून

ती. काकूंना नमस्कार.

आत्याच्या मागच्या यादीबद्दल या वेळी तुम्ही काही कळवलं नाहीत. नेहमी तर उलटटपाली सांगता. म्हणून मीच बघितलं, तर "व्हाय" राहिला होता. अक्षरं तीन आणि शब्दही तेवढाच, तरी सुटला! तुमचं निरीक्षण किती अचूक आहे ते डॉक्टरांनाही सांगितलं.

मी ऑफिसच्या कॉम्प्युटरवर ती अक्षरं टाकली. त्यासाठी सोय असते, अक्षरं दिली की ती ज्यांच्यात येतात ते सगळे शब्द एका क्षणात. सोबत छापून पाठवतो आहे. एकही सुटलेला नाही. आता तुम्हाला शोधायला काही उरलं नाही, तेव्हा हा खेळ इथे थांबवावा हे उत्तम. आत्याला त्याने थकवा येतो. नंतर भिंतीकडे तोंड करून बसते.

या महिन्याच्या आत तिला केंद्रात हलवीन.

आपला,
पुतण्या


१२ जून
(ह्यांच्या वहीत)

अहो,

पेटी उघडली.

"व्हाय" मला त्याच दिवशी दिसला होता. पण या वेळी लिहून पाठवायला हात धजेना. "का?" असं तो कागद माझ्याकडे बघत होता, पंधरा दिवस. शेवटी काल कॉम्प्युटरची ती छापील पानं आली, चार पानं भरून शब्द. आणि मला वाटलं, तुमच्या जुन्या याद्या बघाव्यात. वन्सं आधी कशा खेळायच्या ते तरी कळेल.

वहीचं पहिलं पान मी कधी पाहिलंच नव्हतं. तुमचं तेराव्या-चौदाव्या वर्षाचं वाकडंतिकडं अक्षर. तुम्हाला काकांनी दुसऱ्या गावी रंगाच्या दुकानात कामाला लावलं तेव्हाचं. लिहिलंय:

"काका सगळी पत्रं वाचतात. इंग्रजी सुधारतं म्हणून यादीवर खूश असतात. राहिलेला शब्द हाच खरा निरोप. बाकी यादी काकांसाठी."

मी खाली बसले. मग एकेक पान उलटलं. प्रत्येक यादी चिकटवलेली आणि प्रत्येकीखाली लाल पेन्सिलीने एक शब्द. जो यादीत नाही तो, त्याच्या मराठी अर्थाने. भूक. ताप. पास. मारलं. पुढे मोठेपणची पानं, काका गेल्यानंतरची, तेव्हा बहुतेक गंमतच उरलेली. चहा. बोनस. आणि आपलं लग्न ठरलं तेव्हाच्या यादीखाली "छान".

अहो, तुम्ही मला हे एकदा सांगितलं का नाहीत? चाळीस वर्षांत एकदा? त्यांना वाटलं मला माहीत आहे. त्यांनी मला सांगितलं, ये. मी गुडघ्यांचं गाऱ्हाणं केलं. त्यांनी सांगितलं, कुलूप. मी हसले. त्यांनी मदत मागितली आणि मी ती मागितलेली मदत जशीच्या तशी कागदावर उतरवून ज्याच्यापासून हवी होती त्याच्याच हातात दिली. वर लिहून दिलं की बाईचं डोकं चालत नाही. त्यांचं डोकं किती चालतं याचा पुरावा माझ्या हातात होता, आणि मी तो उलटा धरला होता.

मग त्यांनी विचारलं, का.

मी आज डॉक्टरांना लिहिलं की माझं पत्र मागे घेते, ते चुकीच्या समजुतीने लिहिलं. कारण लिहिलं नाही. ते पत्र कुणाच्या हातात पडेल काय सांगता येतं? एवढं तरी आता शिकले.


१२ जून

वन्सं,

नमस्कार. तुमच्या पुतण्याने कॉम्प्युटरवरून चार पानं पाठवली. हुशार आहे हो मुलगा. त्याचं म्हणणं खरं आहे, हा खेळ आता आपल्या वयाला झेपत नाही. तेव्हा ही शेवटची यादी. आजपर्यंत तुम्हीच पाठवत होतात, म्हटलं एकदा माझीही होऊ दे. अक्षरं तुमचीच, फेब्रुवारीतली. सी, ओ, ई.

वेलकम, इन्कम, बिकम, व्हॉइस, ओशन, कॉफी, पोलीस.

चौथी शिकलेल्या बाईला एवढेच सुचले. गुडघे बरे आहेत. इकडे सगळं ठीक.

यादी पाहिली.

तुमची वहिनी


२४ जून

ती. काकूंना नमस्कार.

तुम्ही डॉक्टरांना लिहिलेलं पत्र त्यांनी मलाच दिलं, घरचा माणूस म्हणून. काकू, तुम्ही एकदा लिहून देता, महिन्याने मागे घेता, कारणही सांगत नाही. वाईट मानू नका, पण मला तुमचीही काळजी वाटायला लागली आहे. तुमच्याकडे बघायला कुणी आहे का? दोन कप चहा ठेवून एक ओतून देता, हे तुम्हीच लिहिलं होतं. मी रविवारी, पाच जुलैला, तुमच्याकडे येऊन जाईन म्हणतो. दोन दिवस राहीन. तुमच्या घराचे कागदही एकदा नजरेखालून घालू.

आत्याला परवा केंद्रात नेलं. पत्ता कळवत नाही, कारण तिथे सुरुवातीला पत्रं आणि भेटी बंद असतात. रुळायला बरं पडतं. निघण्याआधी तुमची यादी तिला वाचून दाखवली. तिने परत वाचायला लावली. मग म्हणाली, "वहिनीला आता खेळ जमला." बऱ्याच दिवसांनी हसली. मग तुम्हाला शेवटची यादी लिहायची म्हणून हट्टच धरला, लिहीपर्यंत जागची उठेना. कुठे जायचं ते तिला आदल्या दिवशी सांगितलं होतं. सोबत जोडली आहे. मी तपासली. नुसते शब्द आहेत, आणि तेही जुनेच. पूर्वी एकदा लिहिलेले तेच परत लिहिलेत. विसरते, त्याला ती तरी काय करणार.

आपला,
पुतण्या

(सोबतची यादी)

पी, एच, ई.

होप, हीप, शीप, शेप, चीप, एलिफंट, हेल्प.


२९ जून

चि. पुतण्यास आशीर्वाद.

पत्र मिळालं. यादी मिळाली. मला तिच्यात काही सापडलं नाही.

तू म्हणतोस ते बरोबर आहे, माझंही आताशा ध्यानात राहत नाही. रविवारी अवश्य ये. मी घरीच आहे, या वयात कुठे जाणार? पाच तारखेला संध्याकाळच्या गाडीने आलास तर जेवायलाच ये. कागद काढून ठेवते.

तुझी काकू


४ जुलै
(ह्यांच्या वहीत)

अहो,

आयुष्यात पहिल्यांदा खोटं लिहिलं. तीन ओळींत तीनदा.

त्यांची ही यादी आणि एप्रिलमधली यादी मी टेबलावर शेजारी शेजारी ठेवली. अक्षरं तीच, शब्द तेच, फक्त दोन जागी फरक. त्या वेळी हेल्प राहिला होता. या वेळी त्यांनी हेल्प लिहिलाय, म्हणजे तो मला पोचला हे त्यांना कळलं. आणि त्या वेळी लिहिलेला एक शब्द या वेळी नाही. फोन.

ज्यांच्या घरात फोन नाही त्यांनी फोन एवढाच निरोप धाडला, तेव्हा त्या कुठे आहेत ते मला कुणी सांगायला नको. जिथे एकतीस वर्षं बसल्या तिथेच नेऊन ठेवलंय त्यांना. ओळीने खाटा, आणि खिडक्यांना त्यांच्याच वेळच्या जाळ्या. पत्ता मला पाठ आहे. त्या नोकरीत होत्या तोवर तुमची सगळी पाकिटं एक्सचेंजच्या पत्त्यावर जायची, आणि तिकिटं मी चिकटवायची.

शेजारणीला किल्ली दिली आहे. उद्या संध्याकाळी कुणी दार वाजवलं तर बाई झोपल्या आहेत, सकाळी या, असं सांग म्हटलं. ती म्हणाली, "काय लफडं आहे हो?" मी म्हटलं, "नणंदेला भेटायला निघाले, पुतण्या आडवा येतो." तिला ते लगेच पटलं. तिच्या नणंदेकडेही असाच एक आहे.

तो इकडे यायला निघेल तेव्हा मी तिकडे पोचलेली असेन. आधी चौकीत जाईन की आधी त्यांच्याकडे, ते अजून ठरत नाही. चौकीतल्या माणसाला मी काय सांगणार? की साहेब, जे लिहिलेलं नाही ते वाचा? पण वही आहे. तेराव्या वर्षापासूनची वही आहे आणि पहिल्या पानावर तुमचं अक्षर आहे. आणि डॉक्टरांच्या फाइलमध्ये माझं अक्षर आहे, तेही आहे. ते मीच लिहिलं, तर माझ्याच तोंडाने पुसलं पाहिजे. वेळेवर पोचले तर.

निघण्याआधी एक काम राहिलं होतं. तुम्ही दवाखान्यात गेलात त्या सकाळची यादी. एस, टी, ए. स्टार, सॉल्ट, कोस्ट, ईस्ट, स्टेशन, स्टेट. हिच्याखाली तुमची लाल पेन्सिल उठलेलीच नाही. मला आज चहा व्हायच्या आत सापडला.

"स्टे." थांब, म्हणाल्या होत्या तुम्हाला.

तुमच्या ऐवजी मी लिहिला तिथे, लाल पेन्सिलीने, मला येतो तसा जाड. मग पुढच्या पानांवर त्यांच्या माझ्याकडच्या याद्या चिकटवल्या आणि एकेकीखाली लिहीत आले. कम. लॉक. हेल्प. व्हाय. फोन. शेवटच्या शब्दाच्या खाली अर्धं पान कोरं आहे.

आज एकच कप ठेवला होता. वही पिशवीत टाकते आहे. पेन्सिलही घेतली.